मुलांना घेऊन सिंगापूर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं टप्प्याटप्प्याने

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सिंगापूरला जाऊन आलो. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. घरातलं कुणीच त्याआधी परदेशात गेलेलं नव्हतं. निघायच्या आधी दोन महिने मी रोज रात्री काही ना काही वाचत बसायचे, ओळखीच्यांना फोन करायचे, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगायचा. आल्यापासून तीन घरांनी माझ्याकडून ही सगळी माहिती फोनवर घेतलीय, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढते.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मुलं सोबत असली की एका दिवसात एकच मोठं ठिकाण. एजंट देतात त्या कार्यक्रमात सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक असं असतं, ते मोठ्यांच्या पायांचा हिशोब करून केलेलं असतं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, बारा महिने उकाडा आणि दमट हवा, आपल्या मुंबईच्या ऑक्टोबरसारखी. त्या हवेत चार वर्षांचं मूल चार तास चाललं की संपलं. आम्ही पाच रात्रींसाठी पाचच मोठ्या गोष्टी ठरवल्या, त्यातली एक ऐनवेळी सोडून दिली आणि कुणालाही तिची आठवण आली नाही.

१. कधी जायचं ते ठरवा

हवा वर्षभर सारखीच, त्यामुळे थंडीत जावं की उन्हाळ्यात हा प्रश्नच नाही. पाऊसही कधीही येतो, दुपारी गडगडाट होऊन तासभर कोसळतो आणि थांबतो. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र पाऊस जास्त.

त्यापेक्षा तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघा. तिथे जून महिना जवळजवळ पूर्ण सुट्टी असते आणि पुन्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. आपली मे महिन्याची सुट्टी यासाठी उत्तम, फक्त मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत परत या. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला कधीतरी तिथे फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत असते, तेव्हा हॉटेलचे दर खूप वर जातात आणि मरिना बे भागातले रस्ते बंद असतात, तारखा ठरवायच्या आधी हे एकदा तपासा.

दिवाळीत गेलात तर लिटिल इंडियात सेरंगून रोडवर रोषणाई असते. तिथे दिवाळीची सरकारी सुट्टीही असते. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा दिवाळीला घराबाहेर होत्या, निघताना जरा हळव्याच झाल्या होत्या, त्या रस्त्यावर झेंडूच्या माळा आणि पणत्या विकायला ठेवलेल्या बघून त्यांचा चेहरा जो खुलला तो मला अजून आठवतो.

२. पासपोर्ट आधी हातात घेऊन बघा

व्हिसाच्या आधी हे, कारण इथेच महिना जातो. परत यायच्या तारखेच्या पुढेही सहा महिने पासपोर्ट चालू हवा. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो म्हणून आपण निर्धास्त असतो पण लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, तो कधी संपतो ते आपल्या लक्षातही राहत नाही. माझ्या मुलाचा पहिला पासपोर्ट तो तीन वर्षांचा असताना काढून ठेवला होता, कपाटातून बाहेर काढला तेव्हा तो केव्हाच संपलेला होता. मुलांच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं जोडपत्र डी लागतं, दोघांपैकी एक जण बाहेरगावी नोकरीला असेल तर त्याची सही आधीच घेऊन ठेवा.

आता आपल्याकडे बऱ्याच घरांत होतो तो घोळ. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव. असं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र व्हिसाच्या कागदांत जोडा आणि त्याची एक प्रत प्रवासातही जवळ ठेवा.

३. व्हिसा

आपल्याला सिंगापूरला व्हिसा लागतो, विमानतळावर उतरून मिळत नाही. आपण स्वतः थेट अर्ज करू शकत नाही, सिंगापूरच्या वकिलातीने नेमलेल्या एजंटांमार्फतच करावा लागतो, त्यांची यादी वकिलातीच्या साइटवर असते. प्रवासाच्या तीस दिवस आधीपासून अर्ज करता येतो. सरकारी फी माणशी तीस सिंगापूर डॉलर, मुलांनाही तेवढीच, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्यावर एजंटची फी वेगळी, ती प्रत्येकाची वेगवेगळी असते म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा.

कागद हे लागले:

- प्रत्येकाचा पासपोर्ट आणि पहिल्या-शेवटच्या पानाच्या प्रती
- भरलेला फॉर्म १४ए, प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर
- जायचं-यायचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग
- बँकेचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- मुलांचे जन्मदाखले
- आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र

फोटोवर वेळ घालवा. लहान मुलांच्या फोटोत कान झाकलेले, तोंड उघडं, मागे सावली असं काहीतरी होतंच आणि मग तो परत येतो. धाकटीचा फोटो आम्हाला तीनदा काढावा लागला. झोप झाल्यावर, पोट भरलेलं असताना स्टुडिओत न्या.

व्हिसा ईमेलने येतो, पासपोर्टवर शिक्का नसतो. त्याच्या दोन-दोन प्रिंट काढा आणि नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर एकेक अक्षर जुळवून बघा.

४. अरायव्हल कार्ड, आणि इथे पैसे देऊ नका

व्हिसा मिळाला म्हणजे झालं असं नाही. प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोचायच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचं, त्याआधी ते घेत नाहीत. कुटुंबाचं एकत्र भरता येतं.

हे पूर्ण मोफत आहे. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे आयसीएच्या साइटवर किंवा माय-आयसीए ॲपवरच भरा. सर्च केलं की सरकारी वाटतील अशा हुबेहूब साइट वर येतात आणि त्या माणशी हजारो रुपये घेतात. आमच्या ओळखीतल्या एका घराने अशा साइटवर चौघांचे पैसे भरले, आणि मग ते कार्ड खरं की खोटं या धास्तीत त्यांचा अख्खा विमानप्रवास गेला. पैसे मागितले की साइट बंद करा.

५. राहायचं कुठे

माझं ठाम मत, मुलं आणि शाकाहारी वडीलधारी माणसं सोबत असतील तर लिटिल इंडिया किंवा त्याला लागून असलेलं फॅरर पार्क. हॉटेलं मरिना बेच्या मानाने खूपच परवडतात आणि खाली उतरलं की इडली-डोसा. पण खरं कारण मेट्रो. तिथे तिला एमआरटी म्हणतात. लिटिल इंडिया स्टेशनवर दोन लाइन मिळतात, डाउनटाउन लाइनने बेफ्रंटला उतरलं की गार्डन्स बाय द बे, तीच लाइन उलट दिशेला बोटॅनिक गार्डन्सला जाते, आणि नॉर्थ ईस्ट लाइनने शेवटच्या हार्बरफ्रंटला उतरलं की समोर सेंटोसा बेट. म्हणजे तीन मोठी ठिकाणं गाडी न बदलता. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन गाडी बदलणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

बुकिंग करताना मुलांची संख्या आणि वय खरं टाका. तिथल्या हॉटेलांच्या खोल्या लहान असतात आणि एका खोलीत किती माणसं हा नियम ते पाळतात, दोन मोठी आणि दोन मुलं एका डबल रूममध्ये चालवून घेतील असं धरून जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी. कुणाचा रिकामा फ्लॅट चार-पाच दिवसांसाठी ऑनलाइन मिळत असेल तर घेऊ नका, तिथे खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे. आणि गेलँग भागात हॉटेलं स्वस्त दिसतात पण तिथल्या काही गल्ल्या म्हणजे रेड लाइट भाग आहे, मुलांना घेऊन तिथे नको.

६. बॅग भरताना, आणि काय अजिबात न्यायचं नाही

दिवाळीचा फराळ घेऊन जाणार असाल तर हे नीट वाचा. सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे, तिथे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात येते. म्हणजे आपले अनारसे राहू द्या घरीच. गोडा मसाला किंवा घरचा काळा मसाला नेणार असाल तर त्यात खसखस घातलीय का ते करणाऱ्याला विचारा, बऱ्याच घरांत घालतात. आमचा अनारशांचा डबा बॅगेत भरून झालेला होता, निघायच्या आदल्या रात्री मी यादी पुन्हा वाचली तेव्हा काढला.

तंबाखूचंही तसंच. गुटखा, खैनी, जर्दा, चघळायची तंबाखू सगळं बंद, आणि मशेरीही तंबाखूचीच असते हे घरातल्या मोठ्या माणसांना आधीच समजावून सांगा, विमानतळावर त्यांना अपमानास्पद वाटायला नको. ई-सिगारेटला बंदी आहे. च्युइंगम नेता येत नाही, मुलांच्या सॅकचे कप्पे स्वतः तपासा.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधं किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्यांना तिथल्या आरोग्य विभागाची आधी परवानगी लागते. मुलांसाठी तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, उलटीचं औषध, डासांचं मलम एवढं पुरतं. डेंगी तिथेही आहे, बागांत फिरताना मलम लावाच.

बाकी आमच्या कामी आलेल्या वस्तू: तीन चौकोनी पिनांचं ॲडाप्टर (आपले प्लग तिथे बसत नाहीत), घडीची बाबागाडी, प्रत्येकाला घडीची छत्री, मुलांना एकेक पातळ स्वेटर कारण मॉल आणि मेट्रोत एसी कडक असतो, पोहण्याचे कपडे रोजच्या बॅगेत, टिश्यूची भरपूर पाकिटं, आणि एक छोटी रिकामी बाटली, कारण बऱ्याच सार्वजनिक टॉयलेटमध्ये जेट नसतो. खायला दशम्या, भडंग, खाकरे, आणि गरम पाणी घालून होणाऱ्या पोह्या-उपम्याची पाकिटं. खोलीत किटली बहुतेक ठिकाणी असते. धाकटीने पहिले दोन दिवस बाहेरचं काहीही खाल्लं नाही, त्या पाकिटांवर आम्ही तरलो.

चार वर्षांचं मूल आता बाबागाडीत कशाला असं मलाही वाटलं होतं. न्याच. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बसमध्ये उघडी बाबागाडी चालते, फुटपाथ सपाट आहेत.

७. पैसे

हिशोबाला एक डॉलर म्हणजे सत्तर रुपये धरा, प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होईल. फॉरेक्स कार्ड घ्या आणि थोडी रोख न्या, हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखालचे खाण्याचे गाळे, तिथे बऱ्याच गाळ्यांवर रोखच सोपी पडते. रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी लागणार, १०० चं बिल जवळजवळ १२० होतं. हॉकर सेंटरमध्ये हे नसतं.

पॅकेज घेणार असाल तर एजंट त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. तो खर्च नाही, रिटर्न भरताना हिशोबात येतो, पावती जपून ठेवा.

तिकिटांसाठी मुलांचं वय प्रत्येक ठिकाणी वेगळं धरतात. प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांखाली मोफत, सेंटोसावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये चार वर्षांखाली मोफत. मुलाचा वाढदिवस सहलीच्या आसपास असेल तर तारखा दोन दिवस पुढे-मागे करून पैसे वाचू शकतात.

८. उतरल्यावर आणि शहरात फिरताना

चांगी विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल ते ईमेलने येतं, तो ईमेल जपून ठेवा. बहुतेक लोक ऑटोमॅटिक गेटमधून जातात, लहान मूल सोबत असेल तर रांगेत उभं राहायच्या आधीच तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, ते योग्य काउंटरला पाठवतात.

विमानतळावरून हॉटेलला जायला मेट्रो आहे पण सामान, मुलं आणि रात्रभराचं जागरण असताना सरळ टॅक्सी करा. साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात आणि मांडीवरचं मूल हा प्रकार तिथे नाही. पाच जण असाल तर मोठी गाडी मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा, जो मला कुणीच सांगितला नव्हता. तिथल्या कायद्याप्रमाणे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाची चाइल्ड सीट किंवा बूस्टर हवा. रस्त्यावरच्या टॅक्सींना यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाड्यांना नाही. आम्ही दुसऱ्या रात्री साडेदहाला ॲपवरून साधी गाडी बोलावली, ड्रायव्हरने मुलांकडे बघून अगदी नम्रपणे नाही म्हटलं. चूक आमची होती. धाकटी पेंगत होती, पाऊस सुरू झाला होता, पुढची वीस मिनिटं वाईट गेली. तेव्हा ॲपमध्ये मुलांच्या सीटसकट गाडी मागवायचा पर्याय निवडा किंवा टॅक्सी असाच प्रकार निवडा.

मेट्रोचे नियम थोडक्यात. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आपलं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर चालतं, त्यावर रोज थोडा जादा आकार लागतो, म्हणून चार-पाच दिवस असाल तर ईझी-लिंक हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घेतलेलं बरं. आत जाताना टॅप आणि बाहेर येतानाही टॅप. ०.९ मीटरपेक्षा बुटकी मुलं मोफत. त्याहून उंच पण सात वर्षांच्या आतलं मूलही मोफत, पण त्यासाठी सवलतीचं चाइल्ड कार्ड काढावं लागतं, ते स्टेशनवरच्या सिम्प्लीगो तिकीट ऑफिसात पासपोर्ट दाखवून परदेशी मुलांनाही मिळतं. सात वर्षांवरच्या पाहुण्या मुलांना मोठ्यांचंच भाडं.

मेट्रोत खाणं-पिणं बंद, दंड ५०० डॉलरपर्यंत. पाणीसुद्धा नाही. मुलांना गेटच्या बाहेरच पाणी पाजून आत न्या आणि बिस्किटाचा पुडा बॅगेच्या तळाशी ठेवा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. आणि एक गोष्ट मुलांकडून पाठ करून घ्या, दार बंद झालं आणि आई-बाबा बाहेर राहिले तर पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि तिथेच उभं राहायचं, आम्ही मागच्या गाडीने येतो. दोघांच्या मनगटाला आमच्या तिथल्या नंबरची पट्टी बांधलेली असायची.

९. दिवस कसे लावायचे

सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. याचा फायदा घ्या. पहिले दोन दिवस मुलांचं अंग आपल्या वेळेवर चालतं, तिथे रात्रीचे दहा वाजले तरी त्यांच्यासाठी साडेसातच असतात, आणि सकाळी आठला उठवलं तर त्यांचे साडेपाच. म्हणून रात्रीच्या गोष्टी पहिल्या दोन दिवसांत, आणि सकाळी लवकर निघायच्या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हे आम्ही केलं आणि पाचही दिवसांत सकाळी रडारड झाली नाही.

पहिल्या दिवशी उतरून झोप काढली आणि संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. सुपरट्री म्हणजे २५ ते ५० मीटर उंचीची लोखंडी झाडं, त्यांवर वेली चढवलेल्या, आणि तिथला दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला मोफत असतो. खाली जमिनीवर चादर टाकून आडवं पडून बघा, मुलांना मान वर करून उभं ठेवू नका. तिथल्या क्लाउड फॉरेस्ट या काचेच्या बंदिस्त बागेचं तिकीट घ्यायचं तर भर दुपारचं घ्या, आत थंड असतं आणि शिरल्याशिरल्या ३५ मीटरचा धबधबा. तिथलीच मुलांची बाग मोफत आहे, पाण्यात खेळायची सोय आहे, साधारणपणे सोमवारी बंद. माझी दोन्ही मुलं तिथे दोन तास भिजली आणि घरी आल्यावर सिंगापुरात काय आवडलं विचारलं की धाकटी अजून तेच सांगते.

दुसऱ्या दिवशी नाइट सफारी. संध्याकाळी सव्वासातला उघडते, म्हणजे आपले पावणेपाच, मुलं ताजी असतात. उघडताच पहिल्या ट्रॅमचं बुकिंग करा.

प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, रिव्हर वंडर्स आणि बर्ड पॅराडाइज सगळी मंडाई नावाच्या एकाच भागात आहेत. नॉर्थ साउथ लाइनवरच्या खातिब स्टेशनवरून तिथे बस जाते. एकाच भागात आहेत म्हणून एका दिवसात दोन करायचा मोह होतो, टाळा. प्राणिसंग्रहालय सकाळी साडेआठला उघडतं, तेव्हाच पोचा, ऊन चढायच्या आत ओरांगउटान बघून घ्या, ते मोकळे असतात, डोक्यावरच्या दोरांवरून जातात. सासूबाई त्यातल्या एका आईला आणि तिच्या पिलाला बघत अर्धा तास बाकावर बसून होत्या, आम्ही पुढे गेलोच नाही.

सेंटोसाला व्हिवोसिटी मॉलमधून मोनोरेलने जा, जाताना चार डॉलर, आत फिरणं आणि परत येणं मोफत. युनिव्हर्सलला जायच्या आधी घरीच मुलांची उंची मोजा. ट्रान्सफॉर्मर्स राइडला १०२ सेंटीमीटर लागतात, ममीला १२२, गॅलेक्टिकाला १२५. माझा मुलगा १२३ चा, त्याला हे आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं म्हणून गेटवर रडू आलं नाही. चार-पाच वर्षांचीच मुलं असतील तर माझ्या मते युनिव्हर्सलचे पैसे घालू नका, मत्स्यालय आणि सिलोसो नाहीतर पालावानचा समुद्रकिनारा पुरे, किनारा तर फुकट आहे.

बोटॅनिक गार्डन्स २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथली जेकब बॅलस मुलांची बाग मोफत, आणि तिथे मोठ्यांना मुलाशिवाय प्रवेशच नाही. तीही साधारणपणे सोमवारी बंद.

जुने कार्यक्रम तपासून घ्या. आमच्या एजंटने दिलेल्या कागदावर जुरोंग बर्ड पार्क आणि सेंटोसाचा मोठा मर्लायन, म्हणजे सिंहाचं डोकं आणि माशाचं धड असलेला पुतळा, दोन्ही होते. जुरोंगचं पार्क जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी मे २०२३ मध्ये मंडाईला बर्ड पॅराडाइज आलं, सेंटोसाचा मर्लायन २०१९ मध्येच बंद झाला. मरिना बेजवळचा पाणी सोडणारा मर्लायन आहे, तो मोफत, तिथे अर्धा तास पुरतो.

१०. खाणं

नळाचं पाणी सरळ पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

शाकाहारी असाल तर सेरंगून रोडवर कोमला विलास आणि आनंद भवन, दोन्ही जुनी आणि पूर्ण शाकाहारी. सासूबाईंचं सकाळचं तिथेच व्हायचं. टेक्का सेंटरमध्ये गाळ्यागाळ्यांवर दक्षिण भारतीय आणि मुस्लिम पद्धतीचं खाणं मिळतं.

पण हॉकर सेंटर चुकवू नका. चार-सहा डॉलरमध्ये पोटभर, आणि मुलांना समोर बनताना बघायला आवडतं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तुम्हीही तशीच धरा. जेवल्यावर ट्रे आणि ताटं स्वतः उचलून ठेवायची, हा नियम आहे आणि त्यावर दंड होतो.

शाकाहारी लोकांनी नुसतं नो मीट म्हणून भागत नाही. भाजीत ऑइस्टर सॉस असतो, सांबल चटणीत सुकट वाटलेली असते, रोटी प्रात्यासोबतच्या आमटीत मटण असू शकतं, काया टोस्टच्या जाममध्ये अंडं असतं. मांस, मासे, कोळंबी, अंडं एकेक नाव घेऊन विचारा. कंटाळू नका, ते नीट सांगतात.

११. मूल आजारी पडलं तर

प्रवासाचा विमा काढा, मुलांचाही, आणि त्याचा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा. ॲम्ब्युलन्सला ९९५, पोलिसांना ९९९. केके विमेन्स अँड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मुलांसाठी चोवीस तास इमर्जन्सी आहे आणि ते लिटिल इंडिया स्टेशनच्या जवळ आहे, तिथे राहायचं आणखी एक कारण.

१२. परतीचा दिवस

विमान रात्रीचं असेल तर दुपारीच विमानतळावर जा. बाहेरच ज्युएल नावाची इमारत आहे, आत ४० मीटर उंचीवरून पाणी पडतं, अंधार पडला की त्यावर दिव्यांचा खेळ. बघायला तिकीट नाही.

एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल तर जीएसटी परत मिळतो, दुकानात पासपोर्ट दाखवून नोंद करून घ्यायची. वस्तू चेक-इनच्या बॅगेत टाकणार असाल तर परताव्याचं काम बॅग देण्याआधी करा, वस्तू दाखवायला सांगू शकतात.

आणि शेवटचं. चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सिक्युरिटी तपासणी अगदी गेटवर होते. म्हणजे आत आल्यावर भरलेल्या पाण्याच्या बाटल्या तिथे रिकाम्या कराव्या लागतात, आणि पलीकडच्या बसायच्या खोलीत बऱ्याचदा टॉयलेट नसतं. गेटवर शिरायच्या आधी मुलांना पाणी पाजून, टॉयलेटला नेऊन आणा, आणि आत पाण्याची सोय असेल तर रिकाम्या बाटल्या तिथे पुन्हा भरून घ्या.